बेळ्ळंदूरला माहेरातून काढताना

आमच्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये 'माहेर' आणि 'पाहुणे' असे दोन गट आहेत. ही नावं ठेवण्यात निम्मा हात माझा आणि निम्मा भीमसेनचा. ज्या शनिवारी मला भीमसेनला माहेरातून उचलून पाहुण्यांत टाकायचं होतं, त्या शनिवारी मी सकाळपासून दिसेल त्याच्या अंगावर जात होते. भीमसेनला म्हणजे त्याच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसातल्या स्विचांना. पण त्या दोघांत फरक करणं मला कधी जमलेलंच नाही.

स्विच म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर माझ्या नवऱ्यासारखं तुम्हीही भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे बघाल. गुरुदत्तनं लग्नानंतर वर्षभर लोकांना 'आमची ही स्विचचं काम करते' असं सांगितलं आणि शेजारपाजारचे लोक बिघडलेली इस्त्री घेऊन आमच्याकडे यायला लागले. आमचे स्विच म्हणजे कुलूपबंद थंड खोलीतले चपटे डबे. प्रत्येक डबा आपल्या शेजारच्या डब्याला सांगत असतो, की माझ्याकडून अमुक ठिकाणी जायची वाट आहे. शेजारी त्याला आपल्या वाटा सांगतो. ह्या सांगण्यावर सगळं चालतं. कुठल्या शेजाऱ्याचं किती खरं मानायचं आणि आपलं किती त्याला सांगायचं, हे आम्ही माणसं डब्याला लिहून देतो. पोटाला दोन घास मिळतात ते त्या लिहिण्याचे.

पूर्वी प्रत्येक शेजाऱ्यासाठी वेगळं लिहायचो. ऑफिसं वाढली तशी तीच तीच वाक्यं लिहून हात दुखायला लागले आणि चुका व्हायला लागल्या. मग गट करायचं ठरलं. नियम गटाला एकदाच लिहायचे आणि शेजाऱ्याला नुसतं त्या गटात बसवायचं. गटाला नाव काय द्यायचं, यावर कँटीनमध्ये आमचं बोलणं झालं तेव्हा भीमसेन चित्रान्ना, म्हणजे लिंबूभात, खात होता.

"अक्का, हे बघ की," तो म्हणाला. "आपलीच ऑफिसं आपापसात बोलणार. ती जे सांगतील ते खरं मानायचं आणि आपलं सगळं त्यांना सांगायचं. काय झाकायचं न्हाई, काय विचारायचं न्हाई. मग हे माहेरच झालं न्हवं?"

"आणि बाहेरच्या कंपन्या?"

"ते पाहुणे. बाहेरच्या खोलीत बसवायचं, चहा द्यायचा, कपाटाची किल्ली द्यायची न्हाई."

झालं, नावं पडली. पाहुण्यांकडून फक्त ठरलेल्या वाटा घ्यायच्या, ठरलेल्याच द्यायच्या, आणि दारात पासवर्ड. तो दोन्ही बाजूंनी सारखा असेल तरच बोलणं सुरू होणार. माहेराला पासवर्ड नाही. ऑफिसात तेव्हा आम्हा दोघांशिवाय हे कुणाला कळत नव्हतं याचं आम्हाला फार सुख होतं. तपासणीला आलेल्या एका गोऱ्या साहेबानं 'माहेर' हा कुठल्या तंत्राचा शब्द आहे, असं गंभीरपणे विचारलं होतं. भीमसेननं तितक्याच गंभीरपणे 'फार जुनं तंत्र आहे' म्हणून सांगितलं होतं.

भीमसेन चिकोडीकडचा. घरी मराठी, शाळा कानडी. मी जे. पी. नगरची. आमच्या घराण्याला इथे कानडी मुलखात येऊन इतक्या पिढ्या झाल्यात की आमच्या मराठीला पुण्याचा माणूस हसतो आणि भीमसेनच्या मराठीला आम्ही हसतो. तो माझ्या हाताखाली लागला तेव्हा त्याला केबलचं टोकही नीट कापता येत नव्हतं. मी ओरडायची, तो ऐकून घ्यायचा. माझं नाव क्षमा, आणि राग सदा नाकावर. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलीय की ती माझ्यासाठीच झाली असावी. पुढे तो बेळ्ळंदूरच्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळायला गेला. तिथून रोज सकाळी ऑफिसच्या आतल्या फोनवर त्याचा फोन यायचा. "अक्का, सगळं सरी?" मी "सरी" म्हणायची, म्हणजे कानडीत ठीक. बास, एवढंच. पण ते झाल्याशिवाय माझा चहा घशाखाली उतरायचा नाही.

मग बेळ्ळंदूरचं ऑफिस विकलं गेलं. तिथे रक्त-लघवी तपासण्यांच्या रिपोर्टांचं काम चालायचं. ते रिपोर्ट आमच्या महादेवपुराच्या ऑफिसातून पुढे दवाखान्यांना जायचे. तो सगळा धंदा माणसांसकट दुसऱ्या कंपनीनं घेतला. भीमसेनला मात्र निवड दिली होती: हवं तर महादेवपुराला ये, क्षमा मॅडमच्या टीममध्ये. मी त्याच्यासाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं करून ठेवलं. त्यावरची कुंडी हलवली, ड्रॉवर पुसून घेतला. आणि हा एक दिवस चहाच्या मशीनपाशी उभा राहून, कपात बघत म्हणाला, "अक्का, मी तिकडंच जातो म्हणतोय."

"का?" म्हटलं, तर हातातला कप फिरवत नुसता उभा राहिला.

तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. सकाळचा फोन आला की "सरी" म्हणून ठेवून द्यायची. ठेवून म्हणजे आपटून. शनिवारनंतर तो परक्या कंपनीचा होणार होता आणि आमच्यात धड बोलणं नव्हतं. हे असंच राहिलं तर कायमचं राहील हे मला कळत होतं. अशी भांडणं मिटवायला रोजचं काम लागतं, आणि रोजचं कामच संपणार होतं. कळत सगळं होतं, पण तोंड उघडत नव्हतं.

शनिवारी दुपारचा मुहूर्त श्रीकांतनं काढला होता. श्रीकांत आमचा मॅनेजर. पुण्याहून आलेला, वयानं माझ्यापेक्षा बराच लहान, मनानं चांगला, पण त्याच्या एका वाक्यात मराठी शब्द शोधावे लागतात. दुपारच्या जेवणाच्या वेळात रिपोर्ट थोडा वेळ थांबतील, असं दवाखान्यांना कळवलं होतं. तेवढ्या वेळात मी महादेवपुराकडून आणि भीमसेननं बेळ्ळंदूरकडून, दोघांनी एकमेकांना पाहुण्यांत टाकायचं.

"मॅडम, प्लॅन एकदा वॉकथ्रू करूया का?" श्रीकांत माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत म्हणाला.

"प्लॅन सोपा आहे. दोघांच्या ओळी तयार आहेत. मी 'आता' म्हणते, दोघं एंटर मारतो. स्वल्प वेळ सगळं बंद. मग पासवर्ड जुळतो आणि ठरलेल्या दोन वाटा चालू होतात. एक रिपोर्टांची, एक रुग्णांच्या नोंदींची."

"आणि फोन?"

"फोन त्या यादीत नाही. वकिलांनी काढायला सांगितला. परक्या कंपनीला आपल्या आतल्या फोनवर कशाला येऊ द्यायचं?"

हे मी अगदी कोरड्या आवाजात सांगितलं. त्या यादीवर सही माझीच होती. बेळ्ळंदूरची स्विचांची खोली तळघरात आहे, तिथे मोबाइलला सिग्नल मिळत नाही. म्हणून आज बोलायलाही तोच आतला फोन होता. दोघांनी एंटर मारलं की तो मुका होणार आणि पुन्हा कधी वाजणार नाही. मग भीमसेननं पायऱ्या चढून वर यायचं आणि मोबाइलवरून 'झालं' म्हणून कळवायचं, असं ठरलं होतं.

मी फोन लावला.

"अक्का, जेवलीस?" तिकडून आवाज आला.

"कामाचं बोल."

"कामाचंच बोलतोय. उपाशी असलीस की तू चुका करतीस."

"ओळी तयार आहेत का?"

"तयार हायत. तुझ्या स्विचचा नंबर, पाहुण्यांचा गट, पासवर्ड, सगळं टाकलंय. तू 'आता' म्हणायचं तेवढं राहिलंय."

मी 'आता' म्हणायला हवं होतं. प्लॅनमध्ये तसंच लिहिलं होतं. पण तो इतका शांत होता की माझं डोकं फिरलं. इथे माझा जीव खालीवर होतोय आणि हा जेवलीस का विचारतोय!

"तिथे काय सोन्याचा धूर निघतो रे?" मी म्हटलं. "इथे टेबल रिकामं ठेवलंय मी तुझ्यासाठी. अजून रिकामंच आहे. कुणाला बसू दिलं नाही."

श्रीकांतनं लगेच आपल्या मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. त्याचं ते पुण्याचं शहाणपण मला त्या क्षणी आवडलं.

 भीमसेनच्या मागे पंख्यांची घरघर ऐकू येत होती.

"खरं सांगू काय, अक्का? रागावू नको."

"रागावलेलीच आहे. सांग."

"तुझ्याजवळ ऱ्हायलो की मी रिटायर होईस्तोवर तुला विचारूनच एंटर मारणार. इथली पोरं मला सर म्हणत्यात, आणि मी रोज सकाळी तुला फोन लावतोय, सगळं सरी काय म्हणून. तू सरी म्हटलीस की मग मला सरी वाटतंय. आताबी बघ की, तू 'आता' म्हणायची वाट बघत बसलोय."

झोंबलं. खोटं असतं तर एवढं झोंबलं नसतं.

"मग नको बघूस वाट!" मी ओरडले. आणि तयार ठेवलेल्या ओळी बाजूलाच राहिल्या, मी हातानं एकच ओळ टाइप केली, बेळ्ळंदूरला माहेरातून काढा म्हणून, आणि एंटर मारलं.

फोन मेला. भीमसेन काहीतरी म्हणत होता तो शब्द अर्धाच राहिला.

मग मी स्क्रीनकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात बजावते, की शेजाऱ्याला नुसतं गटातून काढायचं नाही. शेजारी कोण, त्याचा नंबर काय, हे सगळं आम्ही गटाच्या माथी लिहिलेलं असतं. गटातून काढला की डब्याला तो कोण हेच आठवत नाही आणि डबा त्याला यादीतून पुसून टाकतो. नंबर आधी वेगळा लिहून घ्या, मग हलवा. माझ्या तयार ओळींत ते सगळं क्रमानं होतं. पण त्या ओळी मी वापरल्या कुठे? शेजाऱ्यांच्या यादीत बेळ्ळंदूर नावाचं कुणी नव्हतंच. पाहुणा म्हणूनही मी त्याला ठेवला नव्हता. पुसूनच टाकला होता.

"डन?" श्रीकांतनं मान वर केली.

"डन-बिन काही नाही. गप्प बसा जरा."

मी यादी पुन्हा लिहिली. बेळ्ळंदूरचा नंबर, पाहुण्यांचा गट, पासवर्ड. एंटर. आता भीमसेनच्या बाजूनं जुळलं की काम झालं. फोन तुटलेला त्याला कळलंच असणार. त्याच्या स्क्रीनवर मी पडलेली दिसणार. तो इतका कच्चा नाही, आपलं एंटर मारून मोकळा झाला असणार.

स्क्रीनवर बेळ्ळंदूरपुढे 'प्रयत्न चालू' असं दिसत होतं. ते तसंच दिसत राहिलं.

मी पासवर्ड पुन्हा टाकला, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. प्रयत्न चालू. माझी खात्री झाली की चूक त्याचीच. भीमसेनचं आणि कॅपिटल अक्षरांचं जन्माचं वैर आहे, नक्की कुठेतरी लहान अक्षर टाकून बसला असणार. मोबाइल लावला, तर कानडीतली बाई म्हणाली की हा ग्राहक संपर्काच्या बाहेर आहे. ते मला तिनं सांगायला नको होतं.

तेवढ्यात श्रीकांतचा मोबाइल वाजला. दवाखाना. "येस सर, येस सर, जस्ट फ्यू मिनिट्स," असं म्हणत तो खोलीभर फिरायला लागला. फोन ठेवला तर दुसरा वाजला. कुणाच्यातरी ऑपरेशनआधीचा रिपोर्ट अडकला होता. आता हे आमच्या दोघांचं भांडण राहिलं नव्हतं.

"मॅडम, रोलबॅक करू या. मंडे बघू."

"रोलबॅक करून उपयोग नाही हो. त्यानं त्याची बाजू बदललीय. मी जुन्यावर आले तरी जुळणार नाही. त्याच्याकडे पासवर्ड, माझ्याकडे नाही. टाळी एका हातानं वाजत नाही."

"पण प्रोसेसमध्ये तर रोलबॅकच आहे."

प्रोसेसचं नाव घेतलं की मला शिंक येते. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. मी पाहुण्यांतून काढलं, यावेळी नंबर सांभाळून, आणि बेळ्ळंदूरला पुन्हा माहेरात बसवलं. एंटर मारून मी खुर्चीत मागे टेकले. टॅक्सी करून बेळ्ळंदूरला जायचं तर शनिवारच्या रिंगरोडवर किती वेळ मोडेल, याचा हिशेब करत होते.

आणि बेळ्ळंदूर आलं. मी पाठ टेकते न टेकते तोच आलं. जोडलं गेल्याची ओळ आली आणि मागोमाग वाटांचा लोंढा. रिपोर्टांच्या, नोंदींच्या, फोनच्या, प्रिंटरच्या, भीमसेननं कधी काळी चाचणीसाठी केलेल्या आणि पुसायला विसरलेल्या, सगळ्याच.

"सुपर!" श्रीकांतनं टाळी वाजवली. "बघा, मी म्हटलं नव्हतं? रोलबॅक ऑलवेज वर्क्स."

मी स्क्रीनकडेच बघत होते.  दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय हे डबे एकमेकांशी बोलत नाहीत. माझी बाजू आत्ता जुनी होती. म्हणजे त्याचीही जुनीच होती. मी पासवर्ड टाकून टाकून कीबोर्ड बडवत होते तेव्हा तिकडे पासवर्ड नव्हताच. ओळी तयार हायत म्हणाला, त्या तयारच होत्या. एंटर त्यानं मारलंच नव्हतं. मला पडताना त्यानं बघितलं होतं, काय करायचं ते त्याला पाठ होतं, आणि तरी तो मला माहेरात ठेवून तळघरात नुसता बसून होता.

जातो म्हणाला तो. शांतपणे जेवलीस का विचारलं तेही त्यानंच, पण सोडलं नव्हतं मला. आणि इतके दिवस राग राग करून मी मात्र त्याला एका ओळीत पुसून मोकळी झाले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. श्रीकांतनं ते बघितलं आणि "एसी फार आहे ना इथे," असं म्हणून उगीचच एसी बंद करून आला.

वाटा परत आल्या म्हणजे फोनही परत आला होता. मी लावला. घंटी पुष्कळ वेळ वाजत राहिली. मग त्यानं उचलला.

"का नाही मारलंस एंटर?" मी विचारलं. ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो निराळाच.

"बोट जाईना, अक्का."

"दवाखान्यातून फोनावर फोन आले इथे. ऑपरेशनचे रिपोर्ट अडकले होते."

"चुकलंच माझं. मला आधी वाटलं, तू फोन आपटलास. मग बघतोय तर लाइनच पडलीया. म्हटलं, चला, मारावं एंटर. आणि मनात आलं, आता मारलं की संपलंच. तू तशी रागात राहणार, आणि मी पाहुणा होऊन बसणार. असं न्हाई जायचं मला. तेवढ्यात तू परत जोडून घेतलंस."

"मी मुद्दाम नाही जोडून घेतलं. श्रीकांतसाहेबांची प्रोसेस होती ती."

"मग त्यांस्नी माझा नमस्कार सांग."

मला हसू आलं, आणि ते आल्यावर बाकीचंही बाहेर आलं. "राग नाही रे," मी म्हटलं. "वाईट वाटलंय मला. फार वाईट वाटलंय. माझ्या तोंडातून दोन्ही एकसारखंच बाहेर पडतं, त्याला मी काय करू?"

"ते ठाऊक हाय की मला. कापलेलं केबल डोक्यात मारायचीस तेव्हापासून ठाऊक हाय."

"तू मघाशी बोललास ना, मला विचारल्याशिवाय एंटर मारणार नाहीस म्हणून. ते खरं आहे. मला ते आवडत होतं, म्हणून मी कधी बोलले नाही."

"मलाबी आवडतंय ते. म्हणून तर जायचं, अक्का."

 माझ्यासमोर खिडकीजवळचं ते टेबल होतं. माझाच हट्ट तो. तिथे बसून भीमसेननं माझा चहा संपेपर्यंत वाट बघितली असती, मग विचारलं असतं, मग केलं असतं. आणि मी ओरडत, खुशीत, म्हातारी झाले असते.

दवाखान्यांच्या जेवणाची वेळ अजून पुरती सरली नव्हती. श्रीकांतनं तोंडानं न बोलता दोन बोटांनी विचारलं, पुन्हा? मी मान हलवली. तयार ओळी समोर आणल्या. या खेपेला त्या अक्षरन् अक्षर वाचल्या, नंबर आधी, गट नंतर. बोट एंटरवर ठेवलं.

"माझं तयार आहे," मी म्हटलं.

"माझंबी. म्हण आता."

शब्द माझ्या ओठावर आला होता. म्हणायची सवय हाडात मुरलेली. मी तो गिळला.

"मी नाही म्हणणार."

"काय करालईस अक्का हे? म्हण की. तू म्हटलीस की लगेच मारतो."

"स्विच तुझे आहेत, भीमसेन. तुला वाटेल तेव्हा मार. माझी लाइन पडली की मला कळेल, मग मी माझं मारीन. मी इथेच आहे."

 पंख्यांची घरघर तेवढी येत राहिली. श्रीकांतनं घड्याळाकडे बोट दाखवलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो हात खिशात घालून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"गंगव्वा विचारत होती तुला," भीमसेन म्हणाला. गंगव्वा म्हणजे त्याची आई. "म्हटली, अक्का हल्ली येत न्हाई."

"येईन म्हणावं. भाकरी करून ठेव म्हणावं."

"ज्वारीची?"

"मग कसली?"

तो हसला. तसं हसून झाल्यावर त्यानं एक मोठा श्वास घेतलेला मला ऐकू आला. मला एकदम सांगावंसं वाटलं की अक्षरं बघ, कॅपिटल बघ. सांगितलं नाही. जीभ दातांत धरून बसले.

"बरं, अक्का, मग मी—"

फोन मुका झाला.

त्यानं मारलं होतं. मला न विचारता, वाक्यही पुरं न करता. मी माझं एंटर मारलं. स्क्रीनवर बेळ्ळंदूरपुढे 'प्रयत्न चालू' असं आलं आणि मला वाटलं, खरंच कुठेतरी लहान अक्षर टाकलं की काय यानं. आणि मग पासवर्ड जुळला. पहिल्याच खेपेला. एक अक्षर चुकलं नव्हतं.

"कनेक्टेड!" श्रीकांत खिडकीपासून धावत आला. "रिपोर्ट्स जातायत का बघतो." त्यानं दवाखान्याला फोन लावला. जात होते.

मी रिसीव्हर कानालाच धरून बसले होते. त्यात काही नव्हतं, घरघरसुद्धा नव्हती. दुसऱ्या हातानं मी बेळ्ळंदूरहून काय काय आलंय ते उघडलं. पूर्वी तिकडून ढिगानं वाटा यायच्या. सगळं खरं मानायचं असं ठरलेलं, म्हणून इतक्या वर्षांत मी त्या एकदाही नीट उघडून बघितल्या नव्हत्या. आज ठरलेल्या दोनच ओळी होत्या. मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, आणि त्या दोन्ही ओळी सावकाश, आकड्यागणिक वाचल्या.